पायऱ्या जेलसाठी राखून ठेवा

बंगळूर, रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलून होत नाही, म्हणून लिहिते आहे. मी 'खोली' शब्द काढला की बाबा म्हणतात, "खोलीत काय, रात्री पाठ टेकायची," आणि फोन आईच्या हातात देतात. आई म्हणते, "पाण्यापासून लांब बघ गं बाई," आणि तेवढ्यात तिचं दूध उतू जातं. तीन रविवार असेच गेले. माघी गणपती झाला की निघायचं ठरलंय, आणि अंदमानातल्या चांगल्या खोल्या त्या दिवसांत कुणाची वाट बघत बसत नाहीत.

आधी आमराईतल्या तुमच्या सकाळच्या मंडळींच्या सहलीविषयी. कागद व्हॉट्सअॅपवर पाठवलात, वाचला. चाळीस माणसं, सहा दिवस, तीन बेटं. स्वस्त आहे, सोबत आहे, रात्री पत्ते पडतील, हे सगळं कबूल. पण त्यात रोज पहाटे पाचला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आहेत आणि हॉटेलच्या जागी 'किंवा तत्सम' असं लिहिलंय. या 'तत्सम'ची मला धास्ती आहे. दोन वर्षांपूर्वी कोकणात मीच फोटो बघून खोली घेतली होती. फोटोत खिडकीखाली समुद्र होता. तो खरंच होता, फक्त खिडकी डोंगरावर होती आणि गाडी पायथ्याला थांबायची. बाबांनी मोजल्या होत्या, चोपन्न पायऱ्या. एकदा चढून गेले ते निघायच्या दिवशीच उतरले. आम्ही खाली वाळूत आणि बाबा वर कठड्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगावर टॉवेल घेऊन. चिकू खालून हात करायचा, बाबा वरून हात करायचे. तुम्ही कुणी मला काही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

म्हणून या वेळी चौकशी करताना मी समुद्र किती दिसतो हे शेवटी विचारते. आधी विचारते, पायऱ्या किती.

बाबा, "पाठ टेकायची" हे पंढरपूरच्या किंवा काशीच्या धर्मशाळेला लागू आहे. बेटावर नाही. का ते सांगते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. सांगली त्याच्या आठ अंश पश्चिमेला, अंदमान दहा अंश पूर्वेला. म्हणजे सूर्य तिथे आपल्यापेक्षा सव्वा तास आधी पोचतो, पण घड्याळ तेच. माघात सांगलीत साडेसहाला दिवेलागण होते, तिथे साडेपाचच्या आत सूर्य बुडालेला असतो आणि सहाला मिट्ट काळोख. तुमची जेवायची वेळ साडेआठ. मग सहा ते साडेआठ कुठे बसणार? आणि सकाळी दहा ते दुपारी तीन ऊन असं की वाळूत पाय ठेववत नाही. दिवसाचा हिशोब मांडून बघा, जागेपणीचा अर्धा वेळ खोलीत आणि खोलीपुढच्या ओसरीवरच जायचा आहे. तेव्हा ओसरी हवी, दोन खुर्च्या हव्यात, पंखा हवा, आणि कमोडपाशी धरायला काहीतरी हवं.

आता बेटं. हॅवलॉक आणि नील ही नावं बाबांना उच्चारायचीच नसतील तर उच्चारू नका, सरकारनेही २०१८ साली बदलली: स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. सत्तावनच्या बंडात आपल्या लोकांवर चालून आलेल्या दोन सेनापतींची नावं इतकी वर्षं त्या बेटांना चिकटली होती. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. पण बोटवाले, रिक्षावाले, हॉटेलवाले अजून जुनीच नावं घेतात, म्हणून पत्रात मीही तीच लिहिते.

हॅवलॉकच्या किनाऱ्यांना नंबर आहेत. बोट लागते तो धक्का एक नंबर, बाजार तीन नंबर, पूर्वेचा विजयनगर पाच नंबर आणि पश्चिमेचा राधानगर सात नंबर. (आई, राधानगर. राधानगरी नव्हे. तिथे धरण नाही.) गावांची नावं अशी, कारण फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना तिथे वसवलं. सगळ्यात देखणा सात नंबर. लांबच लांब पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं जंगल आणि समोर सूर्यास्त. पण तिथे राहायच्या जागा मोजक्या आणि महाग, संध्याकाळी चालत जावं असं आसपास फारसं काही नाही, आणि बाजार नऊ-दहा किलोमीटरवर. साधी क्रोसिनची गोळी लागली तरी गाडी बोलवा. तीन नंबरच्या बाजारात खोल्या स्वस्त, पण समोर समुद्र नाही. मग सांगलीच्या स्टँडसमोरच राहिल्यासारखं.

राहता राहिला पाच नंबर. बहुतेक हॉटेलं तिथेच आहेत, आणि फोटोची खरी लबाडीही तिथेच चालते. ती लबाडी बाबांना कळेल. एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढलेल्या माणसाला पाण्याची पातळी मी काय शिकवणार! कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४० फुटांना इशारा आणि ४५ला धोका हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. तिथेही पातळीच बघायची असते, फक्त विसर्ग कोयनेतून नाही, चंद्राकडून. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पाच नंबरचा उतार इतका मंद आहे की ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि मागे उरतात शेवाळलेले खडक, डबकी आणि कुशीवर कलंडलेल्या होड्या. हॉटेलवाले फोटो काढतात ते भरतीला. मी तिघांना फोन करून सांगितलं, ओहोटीचा फोटो पाठवा. एकाने पाठवलाच नाही. दुसऱ्याने पोहण्याच्या तलावाचा पाठवला. तिसऱ्याने खरंच खडकांचा, चिखलाचा फोटो पाठवला आणि वर लिहिलं, "मॅडम, दुपारी असं दिसतं, पोहायला सात नंबरला जा." त्याच्याकडेच खोली घ्यायची, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

आणि तारखा मी कालनिर्णय पुढ्यात घेऊन काढल्यात. माघ शुद्ध षष्ठीला इथून निघायचं, म्हणजे अष्टमी-नवमीला आपण हॅवलॉकवर. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नको, अष्टमीच्या भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पाच नंबरचा चिखल त्या दिवसांत त्यातल्या त्यात कमी दिसेल. बाबांनी हे तपासून चूक काढली तर मला आनंदच होईल.

आई, आता तुझं. तू म्हणालीस, "पाणी आपल्याकडे येतं तेवढं पुरे, आपण कशाला पाण्याकडे जायचं." मी हसले नाही गं. २०१९च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या आपल्या घरात आलेल्या पाण्याची रेघ अजून देवघराच्या भिंतीवर आहे. बाबांनी दोनदा रंग दिला, ती दोन्ही वेळा वर आली. माळ्यावर चढवलेली ट्रंक तू अजून खाली घेऊ दिलेली नाहीस. शिवाय २००४च्या डिसेंबरमधली त्सुनामी तुझ्या लक्षात आहे, तिथे किती माणसं गेली तेही. तेव्हा 'काही होत नाही' असं मी म्हणणार नाही. एवढंच केलंय की समुद्रालगतच्या पहिल्या ओळीतली खोली सोडली. त्या हॉटेलात रस्त्यापासून समुद्रापर्यंत खोल्यांच्या ओळी आहेत. आपल्या दोन खोल्या रस्त्याच्या बाजूच्या, नारळी-पोफळीतल्या. ओसरीतून समुद्र दिसत नाही. ऐकू येईल, बहुतेक. अडीचशे पावलं चालून गेलं की किनारा, आणि वाट फरशीची आहे, वाळूची नाही. भाडंही पहिल्या ओळीच्या निम्मं आहे. बाबांना ही बाजू आधी सांगायला हवी होती.

बांबूची झोपडी मला फार आवडली होती, खोटं कशाला बोलू. खांबांवर उभी, पेंढ्याचं छप्पर. पण दाराशी सहा उंच पायऱ्या, कठडा नाही, आणि न्हाणीघर मागे उघड्यावर. आम्ही दोघंच असतो तर घेतली असती.

सात नंबरला दुपारी तीनला गाडी करून जाऊ, सूर्यास्त बघून परत. बाबा, कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघ्याला त्रास होईल, पण पाण्याच्या काठची ओली वाळू घट्ट असते, मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेला वीस मिनिटांचा फेरा तिथे सहज होईल. काठी आणा. "तिथे कोण बघतंय" म्हणून घरी ठेवू नका.

मग दोन रात्री नीलवर. त्याबद्दल फार लिहीत नाही, बेट एवढंसं आहे की कुठेही राहिलं तरी रिक्षाने सगळं दहा-पंधरा मिनिटांत. गावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आईला रामायणातच राहिल्यासारखं वाटेल. भाजीपाला तिथेच पिकतो, त्यामुळे वरण-भात-भाजीची काळजी नको. मी भरतपूरच्या धक्क्याजवळची तळमजल्याची खोली बघितलीय, कारण परतीची बोट तिथूनच सुटते. खडकाची नैसर्गिक कमान आहे ती मात्र ओहोटीलाच गाठता येते, तीही धारदार प्रवाळी दगडांवरून. भांगाच्या दिवसांत तर बेभरवशाचीच. ती राहिली तर राहिली. शिंपले, प्रवाळ पिशवीत भरायचे नाहीत हे आईला आत्ताच सांगून ठेवते, विमानतळावर काढून घेतात.

आणि पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर. बाबांना मुळात तिथेच जायचंय, मला माहीत आहे, बाकीचं सगळं ते आमच्यासाठी ऐकून घेतायत. म्हणून जेलपासून जवळचं, लिफ्टचं हॉटेल घेतलंय. मोठं रुग्णालयही पोर्ट ब्लेअरलाच आहे. बेटांवर आरोग्य केंद्रं आहेत, पण मोठा इलाज नाही. आल्याआल्या बाबांचं बीपी बघू, मगच बोटीत बसू.

सेल्युलर जेलचं बांधकाम १९०६ला पुरं झालं. मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती, त्यातल्या तीनच उरल्यात. तात्याराव सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, त्यांचे थोरले भाऊ बाबारावही त्याच तुरुंगात. तात्यारावांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. तिथे लिफ्ट नाही. म्हणजे चढावंच लागणार, आणि बाबा चढणार याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच बाकी सगळीकडे मी तळमजला-तळमजला करत बसलेय. गुडघ्यात जेवढ्या पायऱ्या शिल्लक असतील तेवढ्या जेलसाठी राखून ठेवा. सकाळी लवकर जाऊ, ऊन चढायच्या आत, मध्ये बसत बसत. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनीचा खेळ खाली अंगणात बसूनच बघायचा असतो, त्याला त्रास नाही.

प्रवास असा: तुम्ही राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने इकडे या, दोन दिवस राहा, चिकूला तुमचा ताबा घेऊ दे, मग इथून विमान. बोटीची तिकिटं सकाळची काढते, आईला लागू नये म्हणून. आवळासुपारी तिने तिचीच आणावी, माझ्याकडची तिला पसंत नसते. भडंग दोन किलो पुरे. मागच्या वेळचं अजून डब्यात आहे.

आता बाबांना एक काम. हॉटेलवाल्याने पलंगाशेजारी मोजपट्टी उभी करून फोटो पाठवलाय (त्यालाही आता माझी सवय झालीय). जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत सतरा इंच. तुम्ही घरातल्या पलंगाची उंची तुमच्या त्या पिवळ्या टेपने मोजा, गादीवर बसून, दाबली गेलेली धरून, आणि कळवा. फरक दोन इंचांपेक्षा जास्त असेल तर तो खाली लाकडी ठोकळे लावून देतो म्हणालाय. पण त्याला बुधवारपर्यंत सांगायला हवं.

तुमची,
अनू