स्वातीचं दुखणं अंगावर काढू नका

लेस्टर, नोव्हेंबर अखेर

प्रिय ताई,

परवा फोनवर तू हळूच विचारलंस, "ओवीच्या वेळी तुला झालं होतं ना, तेव्हा तू नेमकी कुणाकडे गेली होतीस?" आणि मागून सासूबाईंचा आवाज येताच द्राक्षांच्या डिपिंगच्या मजुरीवर घसरलीस. मी काय ते समजले, प्रश्न तुझ्या जावेचा, स्वातीचा आहे. तुमच्याकडे फोनला चार कान जास्तच असतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. शाळेत मधल्या सुट्टीत वाच. दाजींना दाखवायला हरकत नाही, पण मग फोनमधून काढून टाक, नाहीतर पोरं गेम खेळता खेळता मोठ्याने वाचून दाखवतील.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्याचं काही नाही. पण स्वातीला बाळंत होऊन आता नऊ आठवडे होतील. बाळ झोपलं तरी ती टक्क जागी, ताटावरून तशीच उठते, बाळाला पाजते पण त्याच्याकडे बघत नाही, असं तू म्हणालीस. हे थकव्याच्या पुढचं आहे. इथल्या आरोग्यसेवेच्या हिशेबात दहातल्या एकीहून जास्त बायकांना बाळ झाल्यापासून वर्षभरात हे दुखणं, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य, गाठतं. माझ्या जन्मानंतर आईला 'बाळंतवात' झाला होता आणि ती दोन महिने कुणाशी बोलत नव्हती, असं आत्या सांगायची. मला आता त्या वाताबद्दल दाट शंका येते.

तर माझं. इथे बाळ झालं की सुरुवातीला मिडवाइफ घरी येते, आणि दहा-चौदा दिवसांनी तिच्या जागी हेल्थ व्हिजिटर. ही मुळात नर्सच, वर या कामाचं शिक्षण घेतलेली. आमची बाई लहानपणी नैरोबीहून इथे आलेल्या गुजराती घरातली, पन्नाशी उलटलेली. दारातच तिने बूट काढले, तेव्हाच मला ती आवडली. सहा-आठ आठवड्यांच्या भेटीला तिने ओवीला उघडं करून काट्यावर ठेवलं, बाळाच्या नोंदींच्या लाल पुस्तकात वजनाचा ठिपका काढला आणि अमितला म्हणाली, "चहा मिळेल? आलं घालून?" तो आत गेल्यावर तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. चहा हे निमित्त होतं. नवऱ्यासमोर, सासूसमोर हा कागद कुणी खरा भरत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या कागदाला एडिंबरा स्केल म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तयार झालेला, १९८७ सालचा. मागच्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. हसू येतं का, एखाद्या गोष्टीची ओढ वाटते का, कारण नसताना स्वतःला दोष देता का, उगाच धास्ती वाटते का. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. नऊ प्रश्न मी भराभर सोडवले आणि दहाव्याला पेन अडलं. तिने घाई केली नाही. "कधीतरी" वर खूण केली, तेव्हा तिने सरळ विचारलं, कधी, कशाने, आत्ता वाटतंय का. ताई, असं विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. उलट मला वाटलं, चला, हे कुणाशी तरी बोलता येतं.

मग मी माझी खरी भीती काढली: आता सरकारी लोक येऊन ओवीला घेऊन जाणार का? इथल्या आपल्या बायकांत ही भीती घर करून आहे, आणि निम्म्या जणी तिच्यापायीच गप्प राहतात. ती म्हणाली, मूल आईजवळ नीट राहावं यासाठीच तर मी येते. पुढे झालंही तसंच. कुणी काही नेलं नाही, उलट ती दर आठवड्याला यायला लागली.

तिने मला आमच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी आधी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी माणूस असंच गळून जातं. माझं थायरॉइड ठीक निघालं. मग अंगावर पाजणाऱ्या बाईला चालेल अशी गोळी दिली आणि बजावलं, दोन-चार आठवडे फरक दिसणार नाही, मधेच सोडू नका. बाळ वर्षाचं होईपर्यंत इथे औषधाला पैसे पडत नाहीत. फुकट म्हणवत नाही मला, व्हिसाबरोबर माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्याचा अधिभार आधीच मोजून घेतलेला असतो.

बोलण्याच्या उपचाराला तर डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. इंग्लंडमध्ये २००८ पासून ही सोय आहे, आता तिला टॉकिंग थेरपीज म्हणतात. आपणच अर्ज भरायचा, मग फोनवर अर्धा-पाऊण तास चौकशी होते. भाषा अडली तर दुभाषा देतात. सरकारचं उद्दिष्ट असं की शंभरातल्या पंचाहत्तर जणांचे उपचार सहा आठवड्यांत सुरू व्हावेत. सहा आठवडे कागदावर ठीक दिसतात. रात्री तीनला पोर रडत असताना सहा आठवडे म्हणजे काय, ते मला विचार.

त्या मधल्या काळात एका रात्री मी इथल्या आरोग्यसेवेचा १११ नंबर फिरवला. तिथे २ दाबलं की मानसिक आजारांचं कळणारं माणूस मिळतं. त्या बाईने मला बोलू दिलं, घरात कोण आहे विचारलं, अमितला उठवायला लावलं आणि सकाळी डॉक्टरांकडे जायचं ठरवूनच फोन ठेवला. समॅरिटन्स म्हणून एक संस्थाही आहे, १९५३ पासूनची, ११६ १२३ वर दिवसरात्र फोन घेतात.

पण खरा आधार कशाचा झाला सांगू? वाचनालयात आठवड्यातून एकदा तान्ह्या बाळांना घेऊन गाणी म्हणायचा कार्यक्रम असतो, त्याचा. व्हिजिटरने बळजबरीने पाठवलं. दहा-बारा बायका सतरंजीवर, निम्म्यांचे केस विंचरलेले नाहीत. शेजारची सोमाली मुलगी मला म्हणाली, "मी आज रडत आलेय, तू?" आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर चकलीच्या ऑर्डरी, हळदीकुंकू, भाड्याची खोली सगळं चालतं, हे वाक्य मात्र तिथे कुणी लिहिणार नाही. मीही लिहिलं नव्हतं.

थेरपी शेवटी सुरू झाली. दर खेपेला मन कसं आहे ते विचारणारे तेच दोन तक्ते भरायचे आणि मग गृहपाठ. पहिला गृहपाठ काय, तर रोज बाबागाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचं, आणि जाण्याआधी व आल्यावर मन किती जड आहे त्याला दहापैकी गुण द्यायचे. मला हसू आलं, एवढ्यासाठी एवढं शिकलेलं माणूस? निम्मं शहाणपण तर आजीनेही सांगितलं असतं. पण आजीने सांगून सोडून दिलं असतं. ही बाई पुढच्या आठवड्यात वही उघडून विचारायची, मंगळवारी का गेला नाहीत? त्या विचारण्याचा गुण आला.

आता तुमच्याकडचं. तासगावात हेल्थ व्हिजिटर नाही, पण आशाताई आहेत. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा येतात. त्या भेटी आता संपल्या. पुढची फेरी बाळाच्या तिसऱ्या महिन्यात. तोवर थांबू नका. तू त्यांना शाळेच्या वाटेवर गाठ आणि स्वातीचं नाव घेऊन सांग. घरी सगळ्यांसमोर नको.

दुसरं, १४४१६. टेलिमानस. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. स्वातीने स्वतःच फोन करायला हवा असंही नाही. आज मधल्या सुट्टीत तूच कर. तिचं वय, बाळ किती आठवड्यांचं, झोप, जेवण, काय बोलते, एवढं सांग आणि पुढे काय करू विचार.

तिसरं, सांगलीच्या सिव्हिलमधला मानसोपचार विभाग. खाजगी डॉक्टरकडे गेलात तरी चालेल, फक्त मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि ती अंगावर पाजते हे पहिल्या वाक्यात सांगायचं. गावातल्या मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका.

सासूबाईंचं कसं करायचं, यावर मी रात्री बराच विचार केला. त्या दृष्ट लागली म्हणतात ना? म्हणू देत. मीठ-मोहरी ओवाळू देत, त्यात कुणाचं काही जात नाही, वाद घालत बसू नकोस. पण पुढच्या आठवड्यात बाळाची दहा आठवड्यांची लस आहे. त्या दिवशी स्वातीबरोबर तू जा. डॉक्टरांना सांगून तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड लिहून घे. "रक्त कमी पडलंय का बघायला सांगलीला नेते" याला तुमच्या घरात कुणी नाही म्हणणार नाही, आणि ते खोटंही नाही. त्याच फेरीत मानसोपचाराची ओपीडी. संतोष भावजींना आधी विश्वासात घे. ते चिडतील असं तुला वाटतं, पण मला वाटतं ते घाबरलेत. अमितही असाच उगाच भांडी आपटायचा.

बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील, हे स्वातीच्या माहेरचेही विचारतील. त्यांना सांग, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन डॉक्टरांवर आहे. गावाच्या तोंडावर ते नाही, हे मान्य. म्हणून तर सांगली.

एक गोष्ट मात्र लसीपर्यंतही थांबायची नाही. ती भलतंसलतं बोलायला लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, झोप लागत नसूनही अंगात वारं भरल्यासारखी वागली, बाळात काहीतरी वाईट शिरलंय म्हणाली, किंवा मरणाचं बोलली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी गाडी काढून दवाखान्यात. तोवर तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. हजारात एक-दोघींनाच असं होतं, पण झालं तर वेळ दवडून चालत नाही.

आणि तिला विचार, ताई. सासूबाई भजनाला गेल्या की तिच्याजवळ बस, बाळ तू घे. "काय होतंय तुला" असं विचारलंस तर ती "काही नाही" म्हणेल, मीही म्हणायचे. "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" असं विचार. तिथून बोलणं निघतं.

शनिवारी तुमच्या दुपारी दोनला फोन करते. शेतावर जाऊन घे. १४४१६ वाल्यांनी काय सांगितलं आणि संतोष भावजी काय म्हणाले, ते दोन्ही तयार ठेव. सांगलीचा दिवस आपण तेव्हाच ठरवू. गाडीचे आणि औषधाचे पैसे मी दाजींच्या खात्यावर टाकलेत, त्यावरून भांडू नकोस.

तुझी,
मीनू