अण्णांचे नाव घेतले, क्षमा कर

लास वेगास,
16 नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,
स. न. वि. वि.

आठ महिन्यांत तुला पत्र नाही. त्याबद्दल तू ज्या शिव्या देशील त्या मला तोंडपाठ आहेत, म्हणून त्या दिल्या असे समजून पुढे वाच. गुडघा चालतो आहे, साखर आटोक्यात आहे. परवा संध्याकाळी येथे जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगता येणार नाही, कारण त्यात मी तुझ्या अण्णांना गोवले आहे.

निखिलची नोकरी मी तुला ‘सॉफ्टवेअर’ या एका शब्दात गुंडाळून सांगितली होती. खरे असे की, तो जुगाराच्या यंत्रांचे गणित बसवतो. परवा त्याने मला येथील प्रसिद्ध स्ट्रिपवरून, म्हणजे जुगाराच्या हॉटेलांच्या रस्त्यावरून, पायी फिरवले. या दिवसांत साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे आम्ही लक्सरला पोहोचलो तेव्हा त्या तीस मजली काळ्या पिरॅमिडच्या शेंड्यातून प्रकाशाचा झोत आकाशात गेला होता. आतली लिफ्टसुद्धा भिंतीच्या कलाने तिरकी चढते. शेजारी एक्सकॅलिबरचा किल्ला आहे, लाल-निळ्या टोप्या घातलेल्या बुरुजांचा. तो पाहून मला आपल्या मंडळाचा थर्माकोलचा रायगड आठवला, ज्याचा महादरवाजा तुझ्याच धक्क्याने पडला होता. हे तू अजून मान्य करत नाहीस, पण मी पाहिले आहे.

पुढचे हॉटेल न्यूयॉर्क-न्यूयॉर्क. ते 1997 साली उघडले. बाहेर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, मागे गगनचुंबी इमारतींच्या लहान प्रती आणि त्यांच्याभोवती फिरणारी रोलर कोस्टर. अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकिटावर खऱ्या देवीऐवजी चुकून या देवीचे चित्र छापले होते, आणि 2018 साली न्यायालयाने मूर्तिकाराला 35 लाख डॉलर देवविले, हे निखिलने मोठ्या कौतुकाने सांगितले. आत घड्याळ नाही, खिडकी नाही. रूलेटच्या टेबलाशी थांबून तो मला शिकवू लागला: चक्रावर घरे 38, पण जिंकणाऱ्याला पैजेखेरीज पस्तीसपटच, म्हणजे शेकड्याला सव्वापाच कायमचे मालकाचे. माझ्या तोंडून निघून गेले, “आमच्याकडे एका आकड्याला रुपयाला नऊ मिळत, आणि आकडे दहा.”

“म्हणजे शेकडा दहा! बाबा, आमचे टेबल दयाळू आहे. पण तुम्हाला हे कसे ठाऊक?”

सुधाकर, माझ्या नानांना मटक्याचा तो नाद लागला तेव्हा आकडा न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावावरून निघत असे. मडके आणि चिठ्ठ्या त्यानंतरच्या. त्याच न्यूयॉर्कच्या खोट्या रस्त्यावर उभा राहून मी म्हणालो, “सुधाकरकाकांचे वडील खेळत.”

अण्णा! ज्यांनी कोजागरीलाही कधी पत्ता हातात धरला नाही, ज्यांनी माझ्या आईच्या पाटल्या सोडवून आणल्या आणि त्याबद्दल चाळीत चकार शब्द काढला नाही, ते. क्लोजचा आकडा आणायला रात्री नाक्यावर तू माझ्याबरोबर येत असस, एवढाच तुमच्या घराचा त्या धंद्याशी संबंध.

पुढे पॅरिस आले. तेथे निम्म्या उंचीच्या आयफेल मनोऱ्याचे पाय छतातून थेट जुगाराच्या दालनात उतरले आहेत. समोर बेलाजिओची कारंजी नाचत होती. मला काही धड दिसले नाही. निखिल सांगत होता की, यंत्राला आधीचा डाव आठवत नाही. बटण दाबताच निकाल ठरतो आणि चाके तो फक्त दाखवतात. सात एक घर वर थांबला की माणसाला वाटते, थोडक्यात हुकले. यंत्राच्या लेखी ‘थोडक्यात’ असे काही नसतेच. नाना रोज रात्री काय म्हणत, हे तुला सांगायला नको. त्यांचा फोटो या मुलाच्या टेबलावर आहे. गणित तुझ्यात नानांकडून आले, असे मीच त्याला लहानपणापासून सांगत आलो, आणि वाईट हे की तेही खोटे नाही. आता नातू कसला हिशेब करतो हे त्याला कोणत्या तोंडाने विचारू? विचारले तर नानांचे सांगावे लागते, आणि न सांगता उपदेश केला तर तो ‘शेकड्याला सव्वापाच’ म्हणून हसतो.

सीझर्स पॅलेससमोर चतुर्मुख ब्रह्मदेवाचे देऊळ आहे, बँकॉकच्या देवळासारखे. डाव मांडण्यापूर्वी लोक तेथे उदबत्ती लावतात. मी हात जोडले. “काय मागितले?” असे निखिलने विचारले. मी म्हणालो, “पाय दुखतात, टॅक्सी मिळू दे.” व्हेनेशियनमधील कालवे पाहायचे राहिले.

नातवाच्या बारशाला नव्हतो, त्याचे वाईट वाटले. नाव छान ठेवलेत. चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

डिसेंबरात निखिल तुझ्याकडे येईल, नेहमीप्रमाणे अण्णांच्या फोटोला नमस्कार करील, आणि त्याचा स्वभाव पाहता विचारीलही. त्या वेळी तू मला खोटे पाडलेस तर माझी तक्रार नाही. पण त्याआधी मीच सांगावे, असे तुला वाटत असेल तर तसे एका ओळीत लिही. फोन करू नकोस. येथे फोन तोच उचलतो.

तुझा,
वसंत