पाटी ‘विज्ञान’ची, आत गणितच नाही: शालेय शिक्षणमंत्र्यांना एका निवृत्त कंडक्टरचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. 31 वर्षं नोकरी केली, सगळी सिंधुदुर्गातच. आपल्याला पत्र लिहिण्याइतकी माझी पायरी नाही हे मला कळतं. पण प्रश्न नातीचा आहे आणि तिचा बापूस समुद्रात आहे. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली. बोटीचा म्होरक्या, तांडेलच घरात बसून राहिला तर खलाशी दुसरी बोट धरतात. म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं. आपला वेळ मोलाचा आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो. (जमेलसं वाटत नाही.)

नातीला दहावीला 91 टक्के पडले, गणितात 94. आमचं घराणं गाबिताचं. पणजा गलबतावर होता, मुलगा ट्रॉलरवर आहे. पोरीला पण बोटीवरच जायचंय, फक्त मोठ्या. मर्चंट नेव्हीत, ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या वरच्या खोलीत, उभं राहून बोट हाकायची. घरात हसले सगळे, मीही हसलो. मग तिने सगळी माहिती काढून समोर ठेवली. नॉटिकलच्या कोर्सला बारावीत भौतिक, रसायन आणि गणित लागतं, तिन्ही मिळून 60 टक्के. मॅरिटाइम युनिव्हर्सिटीच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचा पेपर, इंग्रजीही चांगलं हवं, डोळे चोख हवेत. तिचे डोळे आहेत चोख. पलीकडच्या तरीवर कोण उभं आहे ते ती आमच्या पडवीतून सांगते.

अकरावीला विज्ञान घ्यायचं, गणितासकट, एवढं तेव्हाच ठरलं. साधी गोष्ट वाटली होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात विषयांचा फॉर्म भरायला कॉलेजात गेलो. कॉलेज घरापासून नऊ किलोमीटर. पोर पुढे, मी मागे छत्री मिटत. खिडकीतून फॉर्म आला. इंग्रजी छापलेलं, भौतिकशास्त्र छापलेलं, रसायनशास्त्र, जीवशास्त्र छापलेलं. गणिताच्या ओळीवर आडवी रेघ. आधी वाटलं कोणीतरी पेनने मारली असेल. नीट बघितलं तर रेघ पेनची नव्हतीच, झेरॉक्समध्ये आलेली होती. म्हणजे एका फॉर्मवर रेघ मारून मग सगळ्यांचे फॉर्म काढलेले.

पोरीने विचारलं, “सर, गणित?”

“गणिताक सर नाय आसत. आदले रिटायर झाले, पद भरूक नाय. बायो घे, भूगोल घे.”

“माका बोटीर जावचा आसा.”

क्लार्क हसला. “बापूस बोटीरच आसा मां? मगे बायो घेवन मत्स्य कॉलेजात जा. मासेवाल्याच्या घराक तांच बरा.”

31 वर्षांत प्रवाशाला उलट बोललो नाही. सुट्ट्या पैशांवरून आई-बहीण काढणारे बघितले, पिऊन गाडीत ओकणारे बघितले. त्या दिवशी मात्र छत्रीची मूठ हातात घट्ट झाली. तरी त्या क्लार्कला दोष देत नाही, रेघ त्याने मारलेली नाही. आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, चांगलं आहे, तिथे शिकणारी पोरं कमी नाहीत. तिथे जायला जीवशास्त्र लागतं हेही खरं. पण तिथे जायचं की नाही हे माझ्या नातीने ठरवायचं होतं. ते एका रिकाम्या खुर्चीने ठरवलं.

तुम्ही म्हणाल, मग हे कॉलेज निवडलंत कशाला?

साहेब, मी कंडक्टर. गाडीच्या पाटीवर ‘देवगड’ लिहिलं असेल तर मी देवगडचं तिकीट फाडतो. तुमच्या अकरावी प्रवेशाच्या संकेतस्थळावर या कॉलेजपुढे आम्हाला काय दिसलं? शाखा विज्ञान, अनुदान, जागा इतक्या. विषय कुठे दिसला नाही, मास्तर आहे की नाही हे तर नाहीच. पाटी बघून पोरीने पहिली पसंती टाकली. जवळचं कॉलेज, मुलगी जात, पावसाचे दिवस, आम्हीच टाकायला सांगितली. पहिल्याच यादीत नंबर लागला, तेव्हा पेढे वाटले. नियम असा की पहिली पसंती लागली तर प्रवेश घ्यायचाच, नाही घेतलात तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. जुलैत तिच्या बापसाने कागद दिले, पैसे भरले. विषय विचारणारा फॉर्म ऑगस्टात. तिकीट आधी, गाडी कुठे जाते ते नंतर! मी असलं तिकीट दिलं असतं तर तपासनिसाने ट्रे काढून घेतला असता.

यंदा सगळ्या महाराष्ट्रात पहिल्यांदाच ऑनलाइन केलंत ना. आधी ते मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावतीपुरतं होतं. आम्ही अर्ज हातात घेऊन कॉलेजात जायचो, खिडकीतला माणूस तोंडावर सांगायचा, “गणिताक सर नाय, थय जावा.” दहा मिनिटांत कळायचं. आता कळायला अडीच महिने लागले. याला प्रगती म्हणतात असं ऐकलं.

21 मेला संकेतस्थळ उघडणार म्हणालात. सकाळी पोर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर, जाऊन बसली, कारण घरात रेंज नाही, सड्यावर टाकीजवळ येते. संकेतस्थळ बसलं ते बसलंच. मग 26 मेची तारीख दिलीत. मान्सून 25 मेला देवगडात पोचला, इतक्या वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. पावसाला सुद्धा तुमच्यापेक्षा एक दिवस आधी कोकणात यायला जमलं. तेव्हा पोर आधी सुकी बसली होती, नंतर भिजत बसली, डोक्यावर इरलं आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. राज्यात म्हणे 21 लाखांवर जागा आहेत, पेपरात वाचलं. असतील. आम्हाला एक हवी होती, गणिताची.

गणिताची बॅच चालू असलेलं दुसरं कॉलेज आमच्यापासून 34 किलोमीटर. जाऊन-येऊन 68. वर्षाला 220 दिवस धरा, दोन वर्षं. हिशेब मी करून ठेवलाय: 29,920 किलोमीटर. पृथ्वीचा घेर 40 हजार. म्हणजे बारावी होईपर्यंत पोर पाऊण पृथ्वी फिरणार, आणि तीही आमच्या रस्त्यांवरून. मुंबई-गोवा रस्त्याचं काम 2011 पासून चालू आहे, त्यावर आता आम्ही बोलत नाही, ओव्या रचतो. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, मान्य आहे. पण पास फुकट असून भागत नाही, गाडी यावी लागते. पूर्वी आमच्या गावात वस्तीची गाडी असायची. रात्री साडेनऊला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, पहाटे पावणेसहाला सुटायची. मी स्वतः त्या देवळात झोपलोय. ती फेरी बंद झाली. आता पहिली गाडी सव्वाआठला, तीही आली तर. जानेवारीत तिकीट जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढवलंत, गाड्या किती टक्क्यांनी वाढल्या ते मी विचारत नाही. मलाच लाज वाटते, माझंच महामंडळ.

दहावीच्या निकालाच्या दिवशी मात्र कोकण फार लाडकं असतं. यंदा कोकण मंडळ 98.82 टक्के, राज्य 94.10. बारावीतही आम्हीच पहिले, 96.74. मंडळ वेगळं झाल्यापासून पहिला नंबर आमचाच. फोटो येतात, सत्कार होतात, शाल, श्रीफळ (श्रीफळ आमच्याच माडाचं). “कोकणातली मुलं मुळातच हुशार.” हुशार आहेत म्हणून मास्तर नको, असा काही जीआर निघालाय का?

हुशारीचंच काढलंत म्हणून सांगतो. दापोलीकडच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले, म्हणजे पहिले आले, असे पहिले हिंदी माणूस. पुढे ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. होय, तुमचीच खुर्ची. त्यांच्या शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवायचे. ते लहानपणी परीक्षेला मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, घाट चढून, आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही, परत पाठवलं. त्याला दीडशे वर्षं झाली असतील. त्या साहेबाने निदान तोंडावर सांगितलं. आमच्या पोरीला झेरॉक्सने सांगितलं.

2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण मी वाचलंय. वाचनालयात मराठीतून आलं होतं, दुपारी दुसरं काय करणार. त्यात लिहिलंय की कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती असणार नाहीत, मुलाने विषय आपल्या आवडीने निवडावेत. संगीताबरोबर भौतिकशास्त्र घ्या, इतिहासाबरोबर गणित घ्या. मी वाचनालयात बसून दोघा-तिघांना मोठ्याने वाचून दाखवलं, आता मुलांचे दिवस आले म्हणून. साहेब, इथे भिंत पाडायची गोष्टच नको. विज्ञानाच्या घरातल्या एका खोलीला कुलूप आहे आणि किल्ली रिटायर झाली.

आणि राज्य कशावर भांडत होतं? 16 एप्रिलला तुमच्या खात्याने पहिलीपासून हिंदीचा जीआर काढला, 29 जूनला सरकारने मागे घेतला. अडीच महिने टीव्हीवर तेच. पहिलीतल्या पोराने तिसरी भाषा शिकावी का यावर सगळे पक्ष रस्त्यावर. अकरावीतल्या पोरीला गणित का मिळत नाही यावर कोणी कोपऱ्यावरच्या स्टँडवरही उभा राहिला नाही. मराठीचा अभिमान मलाही आहे. पण गणिताला मतदारसंघ नाही, म्हणून त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही.

पद भरायचं म्हटलं की ऐकतो: पवित्र पोर्टल (ते शिक्षकभरतीचं संकेतस्थळ), संचमान्यता (मुलं मोजून पदं मंजूर करणं), विद्यार्थीसंख्या कमी, पद बसत नाही. गणिताला मुलं कमी म्हणून मास्तर नाही, मास्तर नाही म्हणून मुलं कमी. अशी गाडी मी एकदाच बघितलीय, चिखलात रुतलेली, चाक फिरतंय आणि गाडी तिथेच. मध्ये दोन वर्षं एक मुलगा तासिकेवर यायचा, एमएस्सी झालेला. तासाला मिळायचं ते ऐकून आमच्या वाडीतला नारळ काढणारा पाडेली हसला होता, तो माडामागे त्याहून बरं कमावतो. मुलगा गेला पुण्याला, क्लासमध्ये शिकवतो म्हणे. बरोबर केलं त्याने.

क्लासचं पण बघून आलो. कणकवलीला एका ठिकाणी चौकशी केली. पोरीने म्हटलं, गणित बाहेरून करते. फी ऐकली आणि मी पाणी मागितलं. माझं पेन्शन ईपीएस-95 चं, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीवाल्यांच्या योजनेचं, महिन्याला 3,140 रुपये. 31 वर्षं लोकांचे सुट्टे पैसे परत केले, त्याचा हा मोबदला. त्यातून गुडघ्याच्या गोळ्या जाऊन जे उरतं त्यात वर्षाची फी भरायला मला पुढचा जन्म लागेल. शिवाय वर्गात गणित विषयच नसेल तर बारावीला तो घेऊन बसणार कशी? एकाने सल्ला दिला, ऑनलाइन शिकवा. सड्यावर टाकीजवळ बसून? गणित फळ्यावर शिकतात साहेब. उत्तर चुकलं की मागून कोणीतरी म्हणायला लागतं, “वरची ओळ बघ.”

मी स्वतः 1974 चा जुना मॅट्रिक. गणितात काठावर पास. तेव्हाच्या मास्तरांनी, पाय दुखायचा त्यांचा, काठी टेकत वर्गात यायचे, मला तोंडी हिशेब पक्का करून दिला. त्यावर नोकरी लागली, त्यावर घर झालं, त्यावर मुलगा वाढला. गणिताचा मास्तर म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको.

मागतो ते फार नाही. संकेतस्थळावर कॉलेजच्या नावापुढे नुसतं ‘विज्ञान’ लिहू नका, कोणते विषय खरोखर शिकवले जातात ते लिहा, आणि त्या विषयाला माणूस आहे का ते. पाटी खरी लावा, एवढंच. दुसरं, ज्यांना विषयच मिळाला नाही त्यांना पहिल्या पसंतीच्या नियमात अडकवून ठेवू नका, बदलीची वाट द्या, यंदाच द्या. आणि तिसरं, एक कंडक्टर दिवसाला चार गावं करतो, तर गणिताचा एक मास्तर आठवड्याला दोन कॉलेजं का करू शकत नाही? सोमवार-मंगळवार इथे, बुधवार-गुरुवार तिथे. वेळापत्रक लावायला माणूस नसेल तर मला बोलवा, आम्ही डेपोत याहून कठीण वेळापत्रकं लावली आहेत, तीही शिमग्यात आणि गणपतीत.

गणपती आठवड्यावर आले. मुंबईहून माझी भावंडं येतील, नातीच्या मार्कांचं कौतुक करतील, “मग आता काय घेतलंस?” असं विचारतील. तिने काय सांगायचं ते तुम्हीच कळवा. काल मी विचारलं तर म्हणाली, “आबा, फॉर्म अजून दिलंय नाय.” तो कोरा फॉर्म तिच्या दप्तरात आहे. शुक्रवारी तो द्यायची शेवटची तारीख आहे.

उत्तर द्यायचं झालं तर पोस्टाने पाठवा. सड्यावर चढणं मला आता होत नाही.

आपला,
एक निवृत्त वाहक, सिंधुदुर्ग
ऑगस्ट 2025