नळीचा एको

मिरज, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास. मीही जरा जास्तच बोलले. आज त्या एकोचं, हृदयाच्या सोनोग्राफीचं, नाव काढायचं नाही असं ठरवून बसलेय. सुधामावशीबरोबर लिंबाचं लोणचं पाठवलंय. दादाचा ताप उतरला.

नळीचा एको कधी करतेस?

डोळ्याच्या दुखण्याला छातीत काय शोधतात, म्हणतेस. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. हृदयाची झडप अरुंद झाली की मागच्या कप्प्यात रक्त रेंगाळतं, त्याची गुठळी धरते. तिचा कण सुटून डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिनीत अडकतो. मेंदूत गेला असता तर? म्हाताऱ्या माणसांत आधी मानेच्या रक्तवाहिन्या बघतात, तुझ्या वयाला हृदय. छातीवरून केलेल्या एकोत झडप जाड दिसली, तो मागचा डावा कप्पा मोठा दिसला. पण त्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, गुठळी बहुतेक तिथेच दडते आणि बाहेरून तो धड दिसत नाही. अन्ननलिका त्याच्या अगदी पाठीशी, म्हणून नळी गिळायची. घशात बधिर करायचा फवारा मारतात गं. सहा तास उपाशी राहायचं, एवढंच. चतुर्थीला तू दिवसभर राहतेस.

लेक्चर झालं. माफ कर.

भिंतीवरचं घड्याळ वरून कापल्यासारखं दिसतंय म्हणालीस, तेव्हा मीच म्हटलं, झोप काढ. त्यात काय करायचं ते पहिल्या चार-पाच तासांत, हे मला कुठे ठाऊक होतं?

आणि ते पेनिसिलिन. आठवीत तुझे सांधे सुजले, तेव्हापासून झडपेला धक्का नको म्हणून दर 21 दिवसांनी कंबरेत इंजेक्शन. परतताना सायकलवर तू एका कुल्ल्यावर कलून बसायचीस आणि बाबा खड्डे चुकवत नागमोडी चालवायचे. एकदाही रडली नाहीस. बारावीला मीच म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग बघू. मग कुणी बघितलंच नाही. तुला 92 टक्के पडले, मी गल्लीभर पेढे वाटले.

रक्त पातळ करायची गोळी चुकवू नकोस. उद्याच्या राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, तुला न विचारता. बुधवारची वेळ घे. नको म्हणालीस तरी मी येणार. तिकीट रद्द केलं की पैसे कापतात.

तुझी,
आई