ताई, ती रंगवलेली यादी मी जपून ठेवली आहे

प्रिय ताई,

नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण माझ्यासारखी चूक या कामात नवा आलेला कुणीही करू शकतो.

जपानच्या ओपन टीजी-गेट्स या विषबाधेच्या नोंदींच्या खुल्या संग्रहातली उंदरांच्या यकृताची माहिती मी घेतली होती. सुमारे १७० संयुगं, कमी-मध्यम-जास्त मात्रा, ३ तासांपासून २९ दिवसांपर्यंतच्या वेळा आणि दर नमुन्यात हजारो जनुकांची पातळी. यकृताला इजा कुठे होतेय, हे माझ्या संगणकावरच्या मॉडेलने सांगायचं. ते जवळजवळ चुकतच नव्हतं. मी हरखून आलेख घेऊन आलो. तुम्ही म्हणालात, "आधी नमुन्यांची यादी उघड. ट्रेनिंगचे निळे कर, टेस्टचे पिवळे." ट्रेनिंगचे म्हणजे ज्यांवरून मॉडेल शिकतं ते नमुने, टेस्टचे म्हणजे ज्यांवर त्याची परीक्षा होते ते.

पॅरासिटामॉलच्या ओळींपर्यंत आलो आणि हात थांबला. तेच औषध, तीच मात्रा, तीच वेळ, तीन उंदीर: दोन निळे, एक पिवळा. खाली सगळीकडे तेच. मॉडेल औषध ओळखत होतं आणि मी त्याला विषबाधेची जाण समजत होतो. त्यात 'महत्त्वाची' जनुकं मी सगळ्याच नमुन्यांवरून निवडलेली, म्हणजे पेपर आधीच फुटलेला.

मग दोन संध्याकाळी तुम्ही माझ्याशेजारी बसलात. एका संयुगाचे सगळे नमुने एकाच बाजूला, आणि जनुकांची निवड तपासणीच्या दर फेरीत फक्त ट्रेनिंगच्या नमुन्यांवरून. अचूकता धाडकन उतरली. माझा चेहरा पडला, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "हा आकडा खरा आहे. आता यावर काम करता येईल."

तुमचं आणखी एक बोलणं रोज उपयोगी पडतं. जनुकांच्या यादीत सीवायपी१ए१ हे जनुक वर दिसलं की मी लगेच 'इजा' म्हणायचो. डायॉक्सिनसारखा पदार्थ एएचआर या ग्राहीला चिकटला की हे जनुक चढतं. पदार्थ पेशीपर्यंत पोचल्याची ती खूण, पेशी बिघडल्याची नव्हे, हे तुम्ही सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींच्या नोंदी शेजारी ठेवून दाखवलंत. काही नमुन्यांत जनुक खूप चढलेलं आणि ऊती मात्र धडधाकट! तेव्हापासून संपर्क आणि इजा हे दोन वेगळे रकाने मी ठेवतो.

तुमच्या स्वतःच्या कामाची मुदत त्याच आठवड्यात होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मनापासून आभार, ताई.

आता मानवी यकृतपेशींचे नमुने घेतलेत. मॉडेल चालवण्याआधी यादी रंगवून तुम्हाला पाठवतो.

तुमचा विद्यार्थी