रविवारी लोहगड: सहकुटुंब येणाऱ्यांसाठी

मंडळी, येत्या रविवारचा लोहगड नक्की. पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं आणि भाजे गावातून गायमुख खिंडीमार्गे लोहगडवाडी गाठायची. गाडी थेट वाडीपर्यंत जाते, आजी-आजोबांना तेच बरं. बाकीच्यांनी चालावं, निम्मी मजा त्या चढातच आहे.

गडाला पायऱ्या आहेत, पण पावसात शेवाळतात. चपला, क्रॉक्स घालून कुणी येऊ नये. पोरं कुरकुरायला लागली की गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा क्रमाने ओळखायला सांगा. दम लागलाय हे विसरतात. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवर, जाताना कातळातून थोडं उतरावं लागतं. धुकं किंवा वारा असेल तर लहान मुलांना तिकडे न्यायचं नाही. यावर ऐनवेळी वाद नको.

२०२५ मध्ये गड जागतिक वारसा यादीत गेला, त्यात रविवार, म्हणजे गर्दी धरूनच चला. पहाटेचीच लोकल पकडू.

डबा घरूनच आणा. खाऊ पिशवीत लटकवू नका, सॅकमध्ये ठेवा, माकडं हिसकावतात. कचरा आपापल्या सॅकमधून परत.

शुक्रवार रात्रीपर्यंत नावं आणि मुलांची वयं ग्रुपवर टाका.