काच आज, मासे महिन्याने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपून सुट्टी लागली की काचेची गोल भांडी घरोघरी येऊ लागतात. आत दोन गोल्डफिश, तळाशी निळे-गुलाबी खडे आणि प्लास्टिकचे एक झाड. वाढदिवसाला आलेल्या मुलांच्या हाती रिटर्न गिफ्ट म्हणून पिशवीतला मासा दिलेलाही मी पाहिला आहे. यातले पुष्कळ मासे आठवड्या-दोन आठवड्यांत मरतात आणि मुलांना सांगितले जाते की मासा नाजूक होता. खरे कारण बहुतेक वेळा पाणी असते. म्हणून माझे दुकानदारांना आणि पालकांना कळकळीचे सांगणे आहे की टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नका आणि एकाच दिवशी घरी आणू नका.

माझे सारे आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात सूत रंगवण्यात गेले. चादरीच्या सुतावर रंग एकसारखा चढायला हवा असेल तर आधी पाणी ओळखावे लागते. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असते, त्याने रंग फाटतो आणि सुतावर डाग दिसतात. त्यामुळे लालसर झालेला नमुना निळा होईपर्यंत चाचणीच्या द्रावणाचे थेंब मोजत पाणी तपासायचे आणि मगच रंगाला हात लावायचा, ही आमची शिस्त. निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत वनस्पती लावलेली दोन फुटी टाकी ठेवली, तेव्हा तीच शिस्त कामाला आली. आता गल्लीतली मुले पांढुरके झालेले पाणी बाटलीत भरून माझ्याकडे तपासायला आणतात. चाचणीच्या नळीत अमोनियाचा हिरवा रंग चढतो आणि मला त्या मुलाला सांगावे लागते की तुझे काही चुकले नाही, तुला कोणी सांगितलेच नव्हते.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात मलमूत्र टाकतो. त्यातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. टाकीत मात्र तो साठत जातो आणि माशाचे कल्ले जाळतो. काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, त्याने माशाचे रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे मासा बऱ्यापैकी सोसतो आणि झाडे खाऊन टाकतात. हे जिवाणू फिल्टरचा स्पंज, खडे आणि पाने यांच्यावर वाढतात. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि त्यांची वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढे दिवस माशांशिवाय टाकी चालू ठेवायची, जिवाणूंना खायला म्हणून रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकायचे, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की मासे आणायचे. कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळाला तर ही मुदत बरीच कमी होते.

सोलापुरात ही गोष्ट अधिक जपावी लागते, कारण जड पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, बहुधा ७ च्या वर असतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. उष्णतेनेही तो वाढतो. थंड हवेच्या गावात जेवढी घाण मासा कशीबशी सोसेल, तेवढी आपल्या मे महिन्यात त्याचा जीव घेते.

यावर हमखास विचारले जाते की इथे माणसांना काही दिवसांआड पाणी मिळते, माशांना कुठून आणायचे? हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचा हिशेब मांडून देतो. ३ लिटरचे गोल भांडे स्वच्छ ठेवायचे तर पाणी रोज बदलावे लागते, म्हणजे आठवड्याला २१ लिटर, आणि तरीही मासा सुखी नसतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. झाडे नीट लागली की त्यातले पाव, म्हणजे १३-१४ लिटर पाणी आठवड्याला बदलले तरी पुरते. शिवाय काढलेले पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, मोगऱ्याला घालता येते, त्यात खतच असते. मोठी टाकी भांड्यापेक्षा कमी पाणी खाते, हे पाण्याची चणचण असलेल्या शहराने तरी लक्षात घ्यावे.

आपल्या पाणी साठवण्याच्या सवयीचा इथे उपयोगच होतो. उजनी धरणाचे नळाला येणारे पाणी क्लोरीन घालून येते आणि क्लोरीन माशांना व जिवाणूंना दोघांनाही मारतो. उघड्या पिंपात एक-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातून तो बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालावे. सूत ब्लीच केल्यावर उरलेला क्लोरीन मारायला आम्ही हायपोच वापरत असू आणि अँटी-क्लोरीनच्या बाटलीत बहुधा तोच असतो.

आता टाकी लावण्याविषयी. काच, पाणी, खडे मिळून वजन ७० किलोच्या पुढे जाते, तेव्हा टेबल भक्कम हवे. खिडकीचे ऊन आणि पश्चिमेची तापणारी भिंत टाळावी. तळाला बारीक वाळू-खडी पाणी निवळेपर्यंत धुऊन, पुढे दीड-दोन इंच आणि मागे तीन इंच घालावी. संगमरवराचे पांढरे तुकडे शोभेला घालू नयेत, ते पाण्यात विरघळून आधीच जड असलेले पाणी आणखी जड करतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत, फेस आला तर तो दगड नको. आपला साधा काळा दगड उत्तम, फक्त त्यात पांढऱ्या खड्यांच्या शिरा नाहीत ना ते बघून घ्यावे.

झाडांत मला सगळ्यात भरवशाची वाटते ती व्हॅलिसनेरिया. पाने लांब आणि अरुंद, मुळे घट्ट, आणि जड पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांमधूनही कार्बन घेण्याची तिची ताकद. दुकानात कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर दाखवतात, त्याची हिला गरज पडत नाही. हॉर्नवर्ट नुसती तरंगत ठेवली तरी वाढते आणि अमोनिया थेट शोषते, म्हणून पहिल्या दिवसापासून ती टाकीत हवीच. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत उगवतात. हे झाड नव्या टाकीत लावले की त्याची पाने विरघळल्यासारखी गळतात. घाबरून उपटू नये, मुळांतून पुन्हा फुटते. अन्युबियास आणि जावा फर्न मातीत पुरायचे नसतात, त्यांचे आडवे खोड पुरले की कुजते. ते लाकडाला किंवा दगडाला कोऱ्या, न रंगवलेल्या सुताने बांधावेत. सोलापुरात असे सूत कोणीही हातभर देईल. महिना-दोन महिन्यांत सूत कुजते, तोवर मुळांनी पकड घेतलेली असते. दिवा रोज ६ ते ८ तास पुरे. त्याहून जास्त ठेवला की काचेवर शेवाळ चढते.

फिल्टर म्हणून हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज पुरतो. तो कधीही नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे जिवाणू जगतात.

उन्हाळ्याचे मात्र सविस्तर सांगायला हवे. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरांत टाकीचे पाणीही सहज तापते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. रात्री तर झाडेही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. टाकीचे झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा आडवा सोडावा. आपली हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ टाकू नये, तापमान एकदम बदलले तर माशाला धक्का बसतो. बाष्पीभवनाने पाणी कमी होते पण क्षार मागे राहतात, अगदी बॉयलरच्या पोटात बसतात तसे. म्हणून रोजची घट आरओच्या शुद्ध पाण्याने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने भरून काढावी, बोअरच्या नव्हे. या दिवसांत खाणे निम्म्यावर आणावे. वीज गेली तर पंप बंद पडतो, तेव्हा बॅटरीवरचा छोटा पंप घरात असलेला बरा.

मासे निवडताना आपले पाणी बदलत बसण्यापेक्षा आपल्या पाण्याला मानवणारे मासे घ्यावेत. निऑन टेट्रा सुंदर, पण तो दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. आपल्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. गोल्डफिशला थंड आणि भरपूर पाणी लागते, तो २० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, दोन फुटी टाकीतही त्याची जागा नाही. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी मानवते. झेब्रा डॅनिओ तर भारतातल्या ओढ्यांतलाच, काटक आणि दिवसभर खेळणारा, पण सहा-सातांचा थवा हवा. ५५ लिटरला सात झेब्रा डॅनिओ आणि चार-पाच गप्पी पुष्कळ झाले, तेही सगळे एका दिवशी न आणता निम्मे आधी, निम्मे दोन-तीन आठवड्यांनी. गप्पी फक्त नर घ्यावेत. मादी एकदा फळली की नराविना महिनोन् महिने पिले देत राहते. फायटर मासा हवा असेल तर एकटाच ठेवावा, पण निदान २० लिटर पाण्यात. तो वरची हवा घेऊन जगू शकतो म्हणून त्याला पेल्यात कोंडतात, हे पाहवत नाही.

आणि ‘टाकी साफ करणारा’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा कृपा करून घेऊ नका. तो फूटभराहून मोठा होतो आणि त्याच्या घाणीने टाकी उलट जास्त मळते. मोठा झाला की लोक त्याला तलावात सोडतात. आज उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात हाच परदेशी मासा येतो, त्याला कोणी विकत घेत नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. जलपर्णीही शोभेची म्हणूनच परदेशातून आली होती. संभाजी तलाव, सिद्धेश्वर तलाव, होटगीचा तलाव, कुठेही घरचे मासे आणि टाकीतली झाडे टाकू नयेत. छाटलेली झाडे उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घालावीत.

दुकानदारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. टाकी विकताना झाडे आणि स्पंज द्यावा, पण मासे महिन्याने न्यायला सांगावे. तोच ग्राहक पुन्हा येतो, त्यात त्यांचेही नुकसान नाही. प्रत्येक माशाच्या टाकीवर तो पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो ते मराठीत लिहावे. आणि नकोसे झालेले मासे परत घ्यावेत. महापालिकेने संभाजी तलावाच्या काठावर ‘घरचे मासे सोडू नका’ असा मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषेतला फलक लावावा. ज्या शाळेला वर्गात टाकी लावायची असेल तिथे मी माझ्याकडची व्हॅलिसनेरिया आणि चालू स्पंजचा तुकडा विनामूल्य द्यायला तयार आहे. जून महिन्यात शाळा उघडताच टाकी लावली तर जुलैच्या मध्यापर्यंत मासे सोडता येतील.

आपला,
एक निवृत्त रंगारी
पूर्व भाग, सोलापूर